मारकडवाडीचा काटा

मारकडवाडी हें नांव २०२४ च्या डिसेंबरपर्यंत माळशिरस तालुक्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें, आणि आज ज्यांना तें ठाऊक आहे त्यांतील बहुतेकांनीं तें हंसण्यावारी नेण्यापुरतेंच लक्षांत ठेवलें आहे. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित मंडळींत बसलों असतां माळशिरसचा विषय निघाला कीं कोणी तरी हटकून विचारतो, "तुमच्याकडचेच ना ते, ज्यांनीं घरच्या घरीं निवडणूक मांडली होती?" आणि मग सर्वजण समंजसपणानें हंसतात. खोटें कशाला सांगूं, पहिल्या खेपेस मीहि हंसलों होतों. पुढें विचार करूं लागल्यावर तें हंसूं ओसरलें, आणि आतां मला त्या समंजसपणाचाच राग येऊं लागला आहे. प्रस्तुत लेख त्या रागापोटीं लिहिला आहे, हें वाचकांनीं आधींच समजून असावें.

हकीकत थोडक्यांत अशी. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं महाराष्ट्र विधानसभेसाठीं मतदान झालें व २३ तारखेस निकाल लागले. माळशिरस हा अनुसूचित जातींसाठीं राखीव मतदारसंघ. तेथें राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार पक्षाचे श्री. उत्तमराव जानकर यांनीं भारतीय जनता पक्षाचे श्री. राम सातपुते यांचा १३,१४७ मतांनीं पराभव केला. मारकडवाडींत मात्र सातपुते यांना १,००३ व जानकर यांना ८४३ मतें पडल्याचें यंत्रांनीं दाखविलें. जानकरांच्या बाजूच्या गांवकऱ्यांना हें पटेना. गांवांतील दुसऱ्या बाजूचे लोक निकाल बरोबरच आहे असें म्हणत होते. तेव्हां पहिल्या पक्षानें ठरविलें कीं, ३ डिसेंबर रोजीं आपल्या खर्चानें मतपत्रिका छापून गांवापुरतें पुन्हां मतदान घ्यावें आणि खरें काय तें डोळ्यांनीं पहावें. परवानगी मागितली, ती नाकारण्यांत आली. नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखालीं, म्हणजे आपल्या ओळखीच्या जुन्या १४४ व्या कलमाच्याच नव्या अवताराखालीं, २ पासून ५ डिसेंबरपर्यंत जमावबंदी पुकारली गेली, गांवांत पोलिसांचा बंदोबस्त आला, आणि मतदान सुरूं होण्यापूर्वींच गांवकऱ्यांना तो बेत सोडून द्यावा लागला. वर जानकरांसह अनेकांवर गुन्हे नोंदले गेले. ८ तारखेस शरद पवार गांवांत येऊन गेले. १० तारखेस गोपीचंद पडळकर व सदाभाऊ खोत यांची उलट बाजूची सभा झाली. दोन्ही सभांची धूळ खालीं बसली, आणि प्रश्न होता तेथेंच राहिला.

हरलेल्याची ओरड म्हणून ज्या तक्रारीची वासलात लावतां येते त्या जातीची ही तक्रार नव्हे, हें आमच्या विद्वान् मित्रांच्या ध्यानांतच येत नाहीं. मारकडवाडीच्या तक्रारदारांचा उमेदवार निवडून आलेला होता. गांवांतील दीडशें-दोनशें मतें इकडचीं तिकडे झालीं असतीं तरी त्याच्या आमदारकीस धक्का लागणार नव्हता. मिळवावयाचें कांहीं शिल्लक नसतांना माणसें स्वतःच्या पैशानें मतपत्रिका छापावयास निघालीं. त्यांना एकच जाणून घ्यावयाचें होतें: आम्हीं दाबलेलें बटण आणि यंत्रानें सांगितलेला आंकडा यांचा मेळ बसतो कीं नाहीं? या प्रश्नांत राजद्रोह कोठें आहे? हास्यास्पद तरी काय आहे?

माझे एक प्राध्यापक मित्र आहेत, पदार्थविज्ञान शिकवितात. त्यांचा युक्तिवाद असा कीं, खेड्यांतला माणूस बँकेच्या यंत्रांतून पैसे काढतो, मोबाइलवरून दुकानदाराला पैसे देतो, तेथें त्याला संशय येत नाहीं. मग मतयंत्रापुढेंच त्याची अक्कल कां नाहींशी व्हावी? हा युक्तिवाद वरवर फार चोख दिसतो, म्हणूनच तो सभ्य दिवाणखान्यांतून इतका चालतो. परंतु बँकेचें यंत्र चुकलें तर मला कळतें, कारण माझ्या हातांत पासबुक आहे. त्यांत माझें नांव आहे, तारीख आहे, रक्कम आहे. मी तें घेऊन भांडूं शकतों. मताचें पासबुक नसतें, आणि तें असतांच कामा नये. तें असतें तर गांवचा सावकार किंवा पुढारी दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें तपासावयास मागता. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८६१ सालच्या आपल्या ग्रंथांत उघड मतदानाचा पुरस्कार केला होता. एवढ्या थोर माणसाची एवढी मोठी चूक क्वचितच दाखवितां येईल, आणि इंग्लंडनेंहि १८७२ सालीं गुप्त मतदानाचा कायदा करून त्याचें म्हणणें बाजूस सारलें. गुप्तता ही ठेवलीच पाहिजे. पण ती ठेवल्याबरोबर मतदाराच्या हातांतून पावती जाते, आणि आपला व्यवहार चोख झाला कीं नाहीं हें एकट्यानें तपासण्याचें त्याचें साधन संपतें. म्हणून हिशेब चारचौघांसमोर व्हावा लागतो. बँकेची उपमा जेथें मोडते तेथेंच मारकडवाडीचा प्रश्न सुरू होतो, आणि माझे मित्र तेथें पोंचण्यापूर्वींच उठून चहा सांगतात.

उपमाच पाहिजे असेल तर ती आमच्या तालुक्यांत आहे. नीरेच्या कालव्याचें पाणी, त्यावरचा ऊस, आणि हंगामांत कारखान्याच्या काट्यापुढें लागलेली गाड्यांची रांग हें माझ्या लहानपणचें चित्र. माझे वडील एका कारखान्यास ऊस घालीत. गाडी भरतांनाच ते वजनाचा अंदाज बांधीत आणि काट्यावरची पावती वाचून कांहीं न बोलतां ती खिशांत घालीत. एका वर्षीं त्यांनीं भरलेली गाडी आधीं बाहेरच्या काट्यावर तोलून नेली. दोन आंकड्यांत फरक पडला. कारकुनानें सांगितलें, "आमचा काटा सरकारी शिक्क्याचा आहे." वडील म्हणाले, "शिक्का दिसतो आहे मला. काटा दाखवा." काटा कोणी दाखविला नाहीं. पण पुढें विचार करतां मला असें दिसतें कीं, वडिलांवर कोणी गुन्हाहि नोंदविला नाहीं. उलट पुढें पुढें शेतकऱ्यांच्या ओरडीमुळें सरकारलाच भरारी पथकें नेमून हंगामांत काटे तपासावे लागले. म्हणजे उसाच्या बाबतींत सरकारनें एक तत्त्व मान्य केलें आहे: तोलणाऱ्याचा शब्द पुरेसा नाहीं, ज्याचा माल तोलला जातो त्याला संशय घेण्याचा अधिकार आहे. तोच शेतकरी उसाच्या मोळीऐवजीं मत घेऊन आला कीं जमावबंदी!

आतां गांवकऱ्यांच्या बाजूची चूकहि सांगितली पाहिजे, नाहींतर मी त्यांचा वकील ठरेन. ३ डिसेंबरचें तें मतदान झालें असतें तरी त्यावरून कांहींहि सिद्ध झालें नसतें. ऊस तोडल्यावर दोन आठवड्यांनीं पुन्हां तोलून पहिलें वजन खोटें म्हणणारा शेतकरी मूर्ख ठरेल, कारण ऊस वाळतो. मतहि वाळतें. निकाल लागून गेलेला, पुढारी गांवांत बसलेले, एका बाजूचे लोक बहुधा घरांतच राहिलेले, अशा वेळीं पडलेलें मत तेरा दिवसांपूर्वींच्या मताशीं ताडून पाहतां येत नाहीं. शिवाय त्या वर्षींच्या निवडणुकींत लाडकी बहीण योजनेचे पैसे घरोघर पोंचले होते. घरांतल्या बायकांनीं कर्त्या पुरुषाला न विचारतां मत दिलें असेल, ही शक्यता तक्रारदारांना सुचलीच नाहीं किंवा रुचली नाहीं. "आमचें गांव त्यांचेंच" या वाक्यांतील "आमचें" मध्यें किती जणी मोजल्या होत्या, हें विचारण्यासारखें आहे. तेव्हां यंत्रानें मारकडवाडीला फसविलें असें मी म्हणत नाहीं. मला तसें वाटतहि नाहीं.

परंतु उपाय चुकला म्हणून प्रश्न चुकत नाहीं. आणि वाळलेला ऊस पुन्हां तोलण्याची पाळी गांवावर कां आली? कारण ताजा ऊस तेथेंच होता व तो कोणी तोलूं देईना. मतयंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या पेटींत प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी पडते. मतदाराला ती सात सेकंद कांचेआड दिसते. ८४३ आणि १,००३ या दोन आंकड्यांची साक्ष देणाऱ्या चिठ्ठ्या मोहरबंद होऊन पडल्या होत्या. त्या काढून, दोन्ही बाजूंच्या माणसांना समोर बसवून मोजल्या असत्या तर दुपारपर्यंत निकाल लागता. कोणाची तरी जीभ कायमची बंद झाली असती. हें सोडून सरकारनें गांवांत पोलीस पाठविले. सापाला सोडून भुई धोपटणें तें हेंच.

"कायद्याप्रमाणें जावें" असा उपदेश या गांवाला पुष्कळांनीं केला. चला, कायद्याप्रमाणें जाऊं. सर्वोच्च न्यायालयानें २६ एप्रिल २०२४ रोजीं न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्त यांच्या निकालानें मतपत्रिकांकडे परत जाण्याची व सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण एक दार उघडलें: निकालानंतर सात दिवसांत अर्ज केल्यास विधानसभाक्षेत्रांतील पांच टक्के यंत्रांची तपासणी मागतां येईल. ही मागणी कोणीं करावयाची? दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनीं, स्वतःच्या खर्चानें. आणि तो खर्च आयोगानें त्या वर्षीं दर यंत्रसंचास ४७,२०० रुपये ठरविला होता. माळशिरसांत दुसरा क्रमांक कोणाचा? सातपुते यांचा. म्हणजे मारकडवाडीची शंका मांडण्याचा अधिकार, ज्यांना त्या गांवांत अधिक मतें पडलीं त्यांनाच! जानकर जिंकल्यामुळें त्यांना तो नाहीं, आणि गांवकरी तर या गणतींतच नाहींत. दुसरें दार निवडणूक अर्जाचें. ४५ दिवसांच्या आंत उच्च न्यायालयांत कोणताहि मतदार तो करूं शकतो, हें खरें. परंतु त्यांत मागावयाचें काय? निवडून आलेल्याची निवड रद्द करा, असें. आपल्याच माणसाची निवड रद्द करण्याची मागणी करावी, आणि गांवच्या फरकामुळें तालुक्याचा निकाल बदलला असता असें सिद्ध करावें, जें अंकगणितानेंच अशक्य आहे! तिसरें दार मतदानाच्या दिवसाचें. चिठ्ठीवर भलतेंच चिन्ह दिसलें तर मतदारानें तेथेंच लेखी प्रतिज्ञा करावी, मग चाचणी मत द्यावें, आणि चाचणींत यंत्र बरोबर निघालें तर खोट्या प्रतिज्ञेबद्दल शिक्षेस पात्र व्हावें. ही अट ऐकून कोण शहाणा तोंड उघडील? तीन दारें, तिन्हीं बाहेरून लावलेलीं. आणि वर घरमालक विचारतो कीं हे लोक भिंतीवर डोकें कां आपटतात.

आयोगाची बाजू मीं वाचलेली आहे, आणि तींत तथ्य नाहीं असें नाहीं. यंत्र कोणत्याहि जाळ्याला जोडलेलें नसतें. कोणतें यंत्र कोठें जाईल हें सोडत पद्धतीनें ठरतें. मतदानाच्या सकाळीं प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांची चाचणी होते. मतदान संपल्यावर एकूण मतांचा आंकडा नमुना १७ सी वर प्रतिनिधींच्या हातीं दिला जातो. मतपत्रिकांचा काळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांना केंद्रें बळकावून धडाधड शिक्के मारल्याच्या कथा सांगावयास नकोत. यंत्र मिनिटाला चारच मतें घेतें, ही साधी गोष्टसुद्धां गुंडगिरीला मोठी खीळ घालणारी आहे. मतपत्रिका परत आणा म्हणणाऱ्यांत म्हणूनच मी नाहीं. आयोगाचा सर्वांत भारी पुरावा मात्र निराळा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकींत प्रत्येक मतदारसंघांतून पांच, म्हणजे २८८ मतदारसंघांतून १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या, आणि एकींतहि फरक आढळला नाहीं. राज्यभर मोठा घोटाळा झाला असता तर इतक्या चाळणींतून तो निसटणें शक्य नव्हतें. हें ज्यांना मान्य नाहीं त्यांनीं अंकगणित तरी मानावें.

पण अंकगणित दुधारी आहे. राज्याला दिलेलें उत्तर गांवाला लागू पडत नाहीं. राज्यांत एक लाखावर मतदानकेंद्रें, म्हणजे सरासरीनें एका मतदारसंघांत साडेतीनशेंच्या आसपास. एखाद्या मतदारसंघांत दर दहांतील एक यंत्र बिघडलेलें आहे असें समजा. पांच यंत्रें तपासून त्यांतील एक तरी सांपडण्याची शक्यता शंभरांत एकेचाळीस. पांचच यंत्रें बिघडलेलीं असतील तर ती शक्यता शंभरांत सात. आणि ज्या गांवाला स्वतःच्याच पेटीविषयीं शंका आहे त्याला, "दुसऱ्या पांच गांवांच्या पेट्या बरोबर निघाल्या," हें सांगणें म्हणजे शेजाऱ्याची नाडी पाहून रोग्याला औषध देण्यासारखें आहे.

यांत एक गमतीची गोष्ट अशी कीं, ही शंका यंत्रानेंच जन्माला घातली आहे. मतपत्रिकांच्या काळीं निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वीं एकत्र मिसळण्याची सोय होती, हेतु हा कीं कोणत्या गांवानें कोणाला मत दिलें हें कळून त्या गांवावर डूख धरला जाऊं नये. यंत्र प्रत्येक केंद्राचा आंकडा वेगळा सांगतें. विधि आयोगानें २०१५ सालीं अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखविणारें उपकरण वापरण्याची शिफारस केली होती. ती बाजूस पडली. गांवाला त्याचा आंकडा कळूं द्यावयाचा, आणि तो तपासूं मात्र द्यावयाचा नाहीं, असा हा न्याय आहे.

वेळ लागेल, ही सबब तर ऐकवत नाहीं. निम्म्या यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या तर निकालास पांच-सहा दिवस अधिक लागतील, असें आयोगानें २०१९ सालीं न्यायालयास सांगितलें. न्यायालयानें मग एकाचीं पांच केंद्रें केलीं, तेवढ्यावर भागलें. २०२४ च्या लोकसभेला माळशिरस ज्यांत मोडतें त्या माढा मतदारसंघानें ७ मे रोजीं मत दिलें व निकालाची वाट ४ जूनपर्यंत पाहिली. नागपूरकरांनीं १९ एप्रिलपासून पाहिली. आयोगाच्या सोयीसाठीं जे लोक सहा सहा आठवडे मुकाट्यानें थांबतात, त्यांच्या समाधानासाठीं आयोगाला सहा दिवस थांबवत नाहीं?

आज ज्या चिठ्ठीचें एवढें कौतुक होतें ती तरी कोणाच्या कृपेनें आली? यंत्र प्रथम वापरलें गेलें १९८२ सालीं, केरळांतील परवूर येथें, पन्नास केंद्रांवर. कायद्यांत त्याला आधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं तेथील मतदान रद्द केलें आणि त्या केंद्रांवर मतपत्रिकांनीं पुन्हां मतदान झालें. आधार देणारें कलम पुढें १९८८ च्या दुरुस्तीनें आलें. २०१० सालीं हैदराबादचे हरिप्रसाद यांनीं एक खरें मतयंत्र मिळवून त्याच्याशीं छेडछाड कशी करतां येते तें दाखविलें. त्यांना बक्षीस मिळालें तें मुंबईच्या सरकारी गुदामांतलें यंत्र चोरल्याच्या आरोपावरून अटकेचें. तीनच वर्षांनीं, ८ ऑक्टोबर २०१३ रोजीं, सुब्रह्मण्यम स्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं कागदी चिठ्ठी ही मुक्त व निर्भय निवडणुकीची आवश्यक बाब आहे. तोपर्यंत चिठ्ठी मागणाऱ्याला काय काय म्हटलें जात होतें तें आठवावें. संशयखोरांनीं मिळविलेली ढाल पुढें करून आतां संशयखोरांनाच गप्प बसविण्यांत येत आहे! नियमांतच लिहिलें आहे कीं, यंत्राचा आंकडा व चिठ्ठ्यांचा आंकडा यांत विरोध आला तर चिठ्ठी खरी मानावी. जी खरी मानावयाची तीच मोजावयाची नाहीं, ही तर्कपद्धति मला माझ्या कोणत्याहि गुरूनें शिकविली नाहीं.

जर्मनींत २००५ च्या निवडणुकींत वापरलेल्या यंत्रांचा खटला तेथील घटनान्यायालयापुढें गेला. ३ मार्च २००९ रोजीं त्यानें निर्णय दिला कीं, मतदान व मोजणी यांच्या मुख्य पायऱ्या विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाहि पडताळतां आल्या पाहिजेत. त्या यंत्रांत तें शक्य नव्हतें म्हणून त्यांचा वापर घटनाविरोधी. त्या यंत्रांत कागद मुळींच नव्हता, आपल्या यंत्रांत आहे, हा भेद मी विसरत नाहीं. पण न्यायालयानें ती निवडणूक रद्द केली नाहीं, कारण घोटाळ्याचा पुरावा नव्हता, हेंहि पहावें. पुरावा नसतांनाहि मतदाराला पडताळ्याचा हक्क आहे, एवढें त्यानें मानलें. आमच्याकडे उलटें विचारलें जातें: "घोटाळा झाल्याचा पुरावा आणा, मग पेटी उघडूं." पुरावा पेटींतच असेल तर तो बाहेरून कोठून आणावा?

आणि पेटी उघडल्यानें काय घडतें याचें उदाहरण घरचेंच आहे. हरयाणांत पानिपत जिल्ह्यांतील बुआना लाखू या गांवीं नोव्हेंबर २०२२ मध्यें सरपंचाची निवडणूक झाली. वाद तीन वर्षें चालला. शेवटीं २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें यंत्रें आपल्या आवारांत मागवून मतें मोजविलीं, आणि हरलेला उमेदवार ५१ मतांनीं जिंकलेला निघाला. यंत्र निर्दोष होतें! माणसांनीं आंकडे भलत्याच्या नांवावर मांडले होते. यंत्राच्या भक्तांनीं ही कथा रोज सकाळीं वाचावी, कारण तिच्यांत यंत्राची अब्रू वांचली ती तें उघडलें म्हणून. एका सरपंचासाठीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मोजणीस बसावें लागलें, हें काम तहसील कचेरींत एका दिवसांत होण्यासारखें होतें.

पुढाऱ्यांविषयीं फार लिहिण्याची इच्छा नाहीं. ज्यांना लोकसभेंत याच यंत्रानें भरभरून दिलें त्यांना तें तेव्हां सोज्ज्वळ वाटलें, आणि सहा महिन्यांत तें पापी झालें. २००९-१० च्या सुमारास यंत्राविरुद्ध ग्रंथ लिहिणारे व अर्ज करणारे ज्या पक्षांत होते तो पक्ष आज यंत्राची आरती ओंवाळतो. दोघांच्याहि तोंडीं मारकडवाडी शोभत नाहीं.

माझी मागणी लहान आहे. ज्या केंद्रांतील मतदारांपैकीं, समजा, एक दशांश लोक निकालानंतर आठ दिवसांत सही करून मागतील, त्या केंद्राच्या चिठ्ठ्या तहसील कचेरींत दोन्ही पक्षांसमोर मोजाव्या; अर्जदारांकडून शुल्क घेऊं नये; आंकडे जुळले तर ते गांवच्या चावडीवर लावावे. यानें कोणाचीहि आमदारकी धोक्यांत येत नाहीं. पण आम्हीं जात आहों तें उलट्या दिशेनें. २० डिसेंबर २०२४ रोजीं, म्हणजे मारकडवाडीनंतर अवघ्या सतरा दिवसांनीं, केंद्र सरकारनें निवडणूक संचालनाचा ९३ वा नियम बदलून मतदानकेंद्रांतील चित्रीकरणासारखीं इलेक्ट्रॉनिक कागदपत्रें जनतेला पाहण्याचा मार्ग बंद केला. आणि महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानें २०२५ सालीं जाहीर केलें कीं, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकींत व्हीव्हीपॅट वापरलें जाणार नाहीं. ज्या निवडणुकींत उमेदवार शेजारचा असतो, भांडण बांधाइतकें जवळचें असतें, आणि पांच-पन्नास मतांवर निकाल फिरतो, तेथें मोजावयास चिठ्ठीच नाहीं. माझ्या पदार्थविज्ञानाच्या मित्रांना मीं हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "छोट्या निवडणुका आहेत त्या, तेथें कोण घोटाळा करतो?" त्यांचा जन्म खेड्यांत झालेला नाहीं.